उभ्या उसाच्या खुणा

डोंगरावरच्या लांब पळण्याचा रस्ता आखताना मी खुणा म्हणून उभा ऊस धरला, आणि तोही गळीत हंगाम तोंडावर आलेला असताना.

आमच्या भागातला माणूस एवढं वाचूनच हसायला लागेल आणि पान मिटून शेजाऱ्याला सांगायला जाईल. त्याला पुढचं सगळं कळलेलं असतं. बाकीच्यांसाठी सांगतो: ऊस तोडतात.

यंदाचा हंगाम सुरू झालाय. सकाळी दार उघडलं की पाटसच्या साखर कारखान्याच्या बाजूनं मळीचा तो गोडसर, आंबूस वास येतो. नव्या माणसाला मळमळेल असा. आम्हाला मात्र त्यावरून थंडी पडल्याचं कळतं. दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर गाणी लावून जातात आणि रस्त्यावर कांड्या सांडत जातात. कुठंतरी पाचट पेटवलेलं असतं, आणि त्याची काळी काजळी हळूहळू उतरून वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. माझ्या पांढऱ्या बनियनवर अशी एक रेघ बसली की मला हटकून तो हंगाम आठवतो. म्हणजे आठवला नाही तरी घरचे आठवण करून देतात. आमचे आबा तर ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "ह्यो आमचा विलास. ह्यानं ऊस बघून रस्ता ध्येनात ठिवला हुता. ऊस तोडून न्यायचा न्हाई तर काय लोणचं घालायचं का?"

आणि मी काही पुण्या-मुंबईहून आलेला पाहुणा नाही. वडगाव रासाईत, भीमेच्या काठावर, उसाच्या बांधावरच माझा जन्म गेलाय. शिवाय रांजणगावच्या एका कंपनीत मी तपासणी खात्यात आहे. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या वस्तूतली खोट शोधून काढायची, याचा मी पगार घेतो.

पळायला मी चाळिशी ओलांडल्यावर लागलो. आमच्याकडं या वयात पळणाऱ्या माणसाकडं लोक दोनच कारणांनी बघतात. कुत्रं मागं लागलंय का, हे एक. आणि दुसरं, पोलीस भरतीचं वय वाढवलं की काय. भरतीची पोरं रोज पहाटे डांबरी रस्त्यानं पळतात, त्यांना कुणी काही विचारत नाही; त्यांच्या पळण्याला पुढं नोकरी आहे. माझ्या पळण्याला पुढं फक्त डोंगर होता. तोही काय, सह्याद्रीतल्यासारखा छाती दडपणारा नव्हे. वरवंडच्या दक्षिणेला बुटक्या, उघड्याबोडक्या टेकड्यांची रांग आहे. पावसाळ्यात दोन महिने हिरवी, मग पिवळी, मग उन्हाळाभर भाजलेल्या भाकरीच्या पाठीसारखी. गाडीतून जाणारा माणूस तिच्याकडं बघतही नाही. पण एकामागून एक अशा सगळ्या टेकड्या एका दमात चढा-उतरायला घेतल्या की ती बुटकी रांग पायांना आपली खरी उंची सांगते.

हे मला दाखवलं रफिकभाईंनी. वरवंडला त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. त्यांच्या वडलांचंही तेच होतं. विहिरीवरची मोटार जळाली की अख्खी पंचक्रोशी त्यांच्याकडं येते. मीही तसाच गेलो होतो. जळालेल्या तारेचा वास, भिंतीला टांगलेली तांब्याची वेटोळी, आणि त्यात पाठ वाकवून बसलेला, मान वर न करता बोलणारा माणूस. बोलणंसुद्धा किती? "ठिवा." "परवा." बस्स. मग माझं लक्ष कोपऱ्यातल्या चिखल लागलेल्या शूजकडं गेलं, त्यांचं माझ्या शूजकडं गेलं, आणि मोटार राहिली बाजूला.

डोंगरावरचे रफिकभाई वेगळेच. तिथं ते शीळ घालतात. चढाला अगदी बारीक, सपाटीला जरा मोकळी. दुकानात महिनाभरात बोलणार नाहीत एवढं एका टेकडीवर बोलतात. बापाबद्दल, पोरांबद्दल, गवतात उड्या मारत जाणाऱ्या हरणांबद्दल. एकदा वर वाऱ्यात उभं राहून म्हणाले, "दिसभर लोकांचं जळालेलं उसवायचं, विलासराव. हितं आलं की काय जळालेलं दिसत न्हाई." मी तेव्हा तोंडात चिक्की घातली होती, म्हणून नुसतं 'हं' म्हटलं. चांगलं बोलणं ऐकताना माझ्या तोंडात नेहमी काहीतरी असतं.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात एका ओल्या दगडावरून त्यांचा पाय सरकला आणि गुडघा धरला. दुकान बरेच दिवस बंद. ऐन पेरणीच्या तोंडावर लोक जळालेल्या मोटारी घेऊन दारात, आणि हे आत उशीवर पाय ठेवून. जरीनाभाभींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, तेव्हा काही म्हटलं नाही. गुडघा बरा झाल्यावर म्हणाल्या. पुढच्या पावसाळ्यात घाटातल्या एका लांब शर्यतीला नाव द्यायचं रफिकभाईंच्या मनात होतं, तो विषय निघाला तेव्हा. मी समोरच होतो, हातात खिरीची वाटी.

"एकदा जावा," भाभी म्हणाल्या. "तुमच्या काय त्या टेकड्या हायत त्या सगळ्या एका दिसात करा. आन् दिस बुडताना मगरिबची अजान व्हायच्या आत आपल्या पायानं दारात या. आलात तर मी परत तोंड उघडायची न्हाई. न्हाई आलात, तर शूज भंगारवाल्याला."

"कबूल," रफिकभाई म्हणाले.

मी वाटी खाली ठेवून म्हटलं, "भाभी, रस्ता मी आखतो. काळजीच करू नका."

त्या माझ्याकडं जरा वेळ बघत राहिल्या. ती नजर मी कंपनीत ओळखतो. माल परत पाठवायचा की नाही, हे ठरवतानाची नजर.

रस्ता आखणं हा पळण्यातला सगळ्यात सुखाचा भाग. दम लागत नाही, चहा मिळतो. रफिकभाईंचं म्हणणं साधं होतं: वरवंडातून निघू, टेकड्या करू, वरवंडात येऊ. मला ते फार साधं वाटलं. मला वाटलं, रस्त्याला काही अर्थ हवा. नदीच्या पाण्यात पाय बुडवून निघायचं आणि रांगेतल्या सगळ्यात उंच दगडाला हात लावून घरी यायचं. खालच्या पाण्यापासून वरच्या दगडापर्यंत. आता ही नदी माझ्याच गावावरून वाहते आणि निघताना माझेच भाऊबंद हात हलवायला काठावर येणार, हा निव्वळ योगायोग. रफिकभाई हसले आणि हो म्हणाले. माझं मन मोडायला त्यांना जमत नाही, हा त्यांच्यातला मोठा दोष आहे.

नकाशावरची जवळची वाट पायाला जवळची असतेच असं नाही, हे कुणीही पळणारा सांगेल. रेघ सरळ जाते. मध्ये भिजवलेलं वावर असतं, ठिबकच्या नळ्या असतात, वस्तीवरची कुत्री असतात, वेडी बाभळ असते. टेकडी सरळ चढायची की कडेकडेनं खिंडीत जाऊन मग वर, हे दम बघून ठरवायचं. म्हणून आधी एकदा चालून बघावं लागतं. मी बघितलं की! दिवाळीच्या आधी, सुट्टी टाकून, नदीपासून हायवेपर्यंत सगळं चाललो. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस, मधून गाडीवाट, वर आभाळाची निळी पट्टी. काय गार वाटत होतं. वळणावळणाला मी फोटो काढले. दाट उसाला डावीकडं. तुरा आलेल्या उसाला उजवीकडं. आडव्या पडलेल्या उसाच्या पुढं सरळ, की चारीवरचा पूल. कालव्याची ती चारी रुंद आहे, पाणी जोरात असतं, आणि त्या बाजूला ओलांडायला तेवढा एकच पूल.

मग दिवाळी झाली. कारखान्याचा भोंगा झाला. ऊसतोडीच्या टोळ्या आल्या, त्यांच्या राहायच्या कोप्या पडल्या. माझ्या नाकासमोरून ट्रॅक्टर ऊस घेऊन जात होते, आणि मी त्यांच्या कडेनं पळायचा सराव करत होतो. यातल्या एका ट्रेलरवर आपलं उजवीकडचं वळण चाललंय, हे मनाला शिवलं नाही.

ठरलेल्या दिवशी उजाडता उजाडता नदीत पाय बुडवले. पाणी असं गार, की रफिकभाईंनी अल्लाचं नाव घेतलं आणि मी माझ्या आईचं. नदीवरचा पूल ओलांडला, गाडीवाटेला लागलो, आणि उन्हाची पहिली तिरीप पडली तसं मी थांबलो.

समोर काहीच नव्हतं.

म्हणजे सगळं होतं. लांबवर झाडं, वस्त्या, विजेचे खांब, धुक्याचा थर, आणि मध्ये मैलभर तोडलेलं रान. ऊस उभा असतो तेव्हा वाट एकच असते. ती आपल्याला धरून नेते. तो तुटला की रान चहूकडं मोकळं, आणि त्यात ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या दहा दिशांना. मी मोबाईल काढला. एकेक फोटो बघितला. सगळ्या फोटोंत ऊस.

"काय झालं?" रफिकभाईंनी विचारलं.

"हितं ऊस होता."

"व्हय. हुता की." त्यांनी रानाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मोबाईलकडं बघितलं. मग हळूच, जळालेल्या मोटारीचं झाकण काढताना विचारतात तसं विचारलं, "दुसरी काय खूण?"

मी म्हटलं, "पुढं पण ऊसच."

हसले नाहीत हो. दुसरा कुणी असता तर तिथंच बसून पोट धरून हसला असता. ते म्हणाले, "चला, बघू." त्या दोन शब्दांनी मला जेवढी लाज वाटली, तेवढी आबांच्या लोणच्यानं आजवर वाटलेली नाही.

मोबाईलच्या नकाशात निळा ठिपका होता. तो आम्हीच होतो. ठिपक्याला चिखल दिसत नव्हता. सरळ जायला गेलो तर पुन्हा फुटायला ठेवलेल्या उसाला, खोडव्याला, पाणी सोडलेलं, गुडघाभर रुतलो. कडेनं गेलो तर तोडलेल्या उसाचे बुडखे, भाल्यासारखे तिरके. त्यावरून पळणं म्हणजे खिळ्यांच्या पाटावर लंगडी. एका फडात तोड चालू होती. कोयत्यांचा खचाखच आवाज, मोळ्या बांधणाऱ्या बाया, उसाच्या शेंड्याची हिरवी वाढं खाणारे बैल. एका बाईनं कमरेवर हात ठेवून आम्हाला न्याहाळलं आणि नवऱ्याला हाक मारली, "अहो, ह्यांचं काय हरवलंय बघा बरं." त्यांनी चहा पाजला. चारीवरचा पूल कुठं, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. आदल्या दिवशीच ते या रानात आले होते.

चारी सापडली ती पाटसच्या अंगाला, भलतीकडंच. मग तिच्या भरावावरून उलटं यायचं. पूल आला तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. रेल्वेचं फाटक ओलांडलं, हायवे ओलांडला. एक ट्रॅक्टरवाला गाण्याचा आवाज कमी करून ओरडला, "आबा, भरती कवाच संपली! बसा मागं, सोडतो!" 'आबा' तो मला म्हणाला. रफिकभाईंना नाही.

इथवर झाली ती रस्त्यातली चूक. ती निस्तरता आली असती. मी तिच्यावर वेगाची चूक चढवली.

लांब पळण्यात वेग कसा धरायचा, हे आज मला विचाराल तर मी तासभर बोलेन. आणि बोलता येणं हीच खरी तर परीक्षा. पळताना एक अख्खं वाक्य न तुटता बोलता आलं, तर वेग बरोबर. वाक्य मध्येच तुटलं की चालायचं. चढाला तर मुकाट चालायचंच, हात गुडघ्यावर ठेवून, लाज न धरता. उताराला पाय आपोआप सुटतात, तिथं त्यांना आवरायचं, कारण उताराची उधळपट्टी पुढच्या चढाला भरावी लागते. हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. माहीत असलेलं वेळेवर आठवायला मात्र वेगळी अक्कल लागते, ती घरी राहिली होती.

पहिल्या टेकडीच्या पायथ्याला मी म्हटलं, "रफिकभाई, गेलेला वेळ भरून काढू." आणि सुटलो.

"विलासराव, सावकाश. अजून लई हाय," मागून आवाज आला. मला ऐकू आला. पण माझ्या डोळ्यांपुढं भाभींची ती नजर होती. माझ्यामुळं शूज जाणार असतील तर माझ्याच पायांनी ते वाचवायचे, असं काहीतरी नाटकी डोक्यात शिरलं होतं. पहिली टेकडी पळत चढलो. वर जाऊन वळून पाहिलं, तर रफिकभाई त्यांच्या नेहमीच्या चालीनं, एक पाऊल दुसऱ्यासारखं, शीळ घालत येत होते. दुसऱ्या टेकडीला ते जवळ आले. तिसऱ्या टेकडीला ते बरोबर होते. उंच दगडाला आम्ही हात लावला, दोघांनी एकदमच. वारा असा होता की गवत जमिनीला टेकत होतं. खाली नदीची बारीक रेघ दिसत होती. आपण तिथून इथवर आलो, हे खरं वाटेना. रफिकभाईंनी तिकडं बघत डोळे पुसले. वाऱ्यानं असेल. मी विचारलं नाही. या खेपेला तोंडात काही नव्हतं, तरी.

त्या क्षणासाठी रस्त्याला अर्थ होता म्हणा.

मग शेवटच्या टेकडीच्या उतारावर माझ्या पोटरीत गोळा आला. बसलो तर दुसऱ्या पायात आला. उजव्या मांडीत आला तेव्हा मी एवढ्यानं ओरडलो की चरणारी शेळी मान वर करून बघायला लागली. समोर वरवंड दिसत होतं. हायवेवरचे ट्रक, मशिदीचा मनोरा, घरांवरचा धूर. सूर्य अजून वर होता. पळत गेलं तर आरामात, चालत गेलं तरी जमलं असतं. मला घेऊन जमणार नव्हतं.

"तुम्ही जा," मी म्हटलं. "शूज वाचवा. मी येतो मागून."

"पाय द्या हिकडं."

"अहो, भाभींनी..."

"पाय द्या म्हन्लं ना." त्यांनी माझी टाच छातीला लावली आणि तळवा जोरानं माझ्याकडं दाबला. मी पुन्हा ओरडलो. शेळी निघून गेली. "आन् तुम्हाला हितं टाकून येळेत घरी गेलो, तर काय सांगू तिला? रस्ता दावणारा डोंगरात ठिवून आलो?"

मला उठवून त्यांनी माझा हात स्वतःच्या खांद्यावर घेतला. आम्ही उतरायला लागलो, नव्या नवरा-नवरीसारखे, पाऊल मोजत. मी बोलत होतो. मला गप्प बसता येत नाही, दुखत असलं की तर नाहीच. अर्ध्या उतारावर माझ्या लक्षात आलं, शीळ बंद झाली होती.

अजान झाली तेव्हा आम्ही गावाबाहेरच्या शेवटच्या वस्तीपाशी होतो. रफिकभाई थांबले. ती पुरी होईपर्यंत उभे राहिले, मी त्यांच्या खांद्याला लोंबकळत. मग म्हणाले, "चला." सकाळचाच शब्द, सकाळच्याच आवाजात. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं नाही.

भाभी दारातच होत्या. त्यांनी आधी नवऱ्याच्या पायांकडं बघितलं, मग गुडघ्याकडं, मग त्याच्या खांद्यावरच्या माझ्याकडं. आत गेल्या, प्लॅस्टिकची खुर्ची आणली, मला तिच्यात बसवलं, लिंबू-मिठाचं पाणी दिलं. मी पाणी ठेवून भाषण सुरू केलं. ऊस, टोळी, चारी, पूल, पहिली टेकडी, सगळं माझ्यामुळं, त्यांचा काही दोष नाही. वाक्य कुठं तुटत नव्हतं. बसल्या जागी माझा वेग फार चांगला असतो.

तोवर रफिकभाईंनी पायरीवर बसून शूजच्या नाड्या सोडल्या. दोन्ही शूज काढले, जोडून भाभींच्या पुढ्यात ठेवले आणि हात धुवायला नळाकडं गेले. कबूल म्हणजे कबूल.

माझं भाषण तिथं आटपलं.

भाभींनी शूज उचलले. उलटे करून बघितले. तळव्यात उसाच्या पाचटाचा काळा चिखल बसला होता. त्यांनी ते पायरीच्या कडेवर एकावर एक आपटले, जोरात, पुन्हा पुन्हा, चिखलाची शेवटची खपली पडेपर्यंत. आता भंगारवाल्याला देण्यासाठी कुणी शूज एवढे साफ करत नाही, हे मला खुर्चीत बसूनही कळत होतं. पण खात्री होईना. मग त्यांनी ते भिंतीला टेकवून ठेवले, जिथं सकाळचं ऊन येतं तिथं. नळाखाली हात धरून उभ्या असलेल्या रफिकभाईंनी हळूच वळून ते बघितलं, आणि पाणी उगीचच जरा जास्त वेळ वाहू दिलं.

मी धीर करून म्हटलं, "भाभी, म्हणजे मग शर्यतीचं..."

"विलासभाऊ, तुम्ही कंपनीत मालातली खोट काढता ना?" भाभी हात झटकत म्हणाल्या. "मग ऐका. ह्यांचे पाय चांगले हायत, मी आज बघितलं. खोट सोबतीत हाय."